वारशाने आलेल्या ब्रॉंझच्या घोड्यावर 'पी. जे. मेन' अशी सही आहे. तो अस्सल आहे का आणि कोठे विकता येईल?

तुम्ही दिलेल्या दोन्ही छायाचित्रांत फक्त सही दिसते, आणि नेमकी तीच सर्वांत कमी उपयोगाची गोष्ट आहे. घोडे आणि शिकारी कुत्री घडवण्यासाठी प्रसिद्ध असलेला पॅरिसचा शिल्पकार पिएर-ज्यूल मेन (1810–1879) स्वतःच्या ओतशाळेतच काम ओतत असे. त्याच्यानंतर त्याचा जावई ओग्यूस्त कँ याने, आणि 1894 मध्ये तोही गेल्यावर स्यूस फ्रेर या ओतशाळेने, विसाव्या शतकातही त्याचे नमुने रीतसर हक्काने ओतले. या सर्वांवर सही मेनचीच आहे. शिवाय एखाद्याने तयार ब्रॉंझवरूनच साचा घेऊन नक्कल ओतली, तर त्या साच्यातून सहीसुद्धा आपोआप उतरते. त्यामुळे तुमचा घोडा कोणी ओतला आणि केव्हा, एवढेच विचारण्यासारखे आहे.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण आमच्या घरात या सहीपायी एक आमराई गेली. आजोबा दक्षिणेकडच्या एका संस्थानात नोकरीला होते, आणि 1948 च्या विलीनीकरणानंतर तेथले सामान विकले गेले तेव्हा त्यांनी मेनच्या 'ल'आकोलाद' या शिल्पाची, म्हणजे मान एकमेकांकडे वळवून उभ्या असलेल्या अरबी घोडा-घोडीची, एक प्रत घरी आणली. वाटणीच्या वेळी थोरल्या काकांनी कोण्या लिलावगृहाच्या माणसाला छायाचित्रे दाखवली. त्याने मूर्ती हातात न घेताच 'सही आहे, फ्रेंच आहे' असा निर्वाळा दिला आणि त्या आधारावर घोड्यांची किंमत आमराईच्या बरोबरीची धरली गेली. घोडे वडिलांकडे आले, आमराई काकांकडे राहिली. वडिलांनी तेव्हाच 'उलटी करून तळ पाहू' असे म्हटले होते, परंतु थोरल्या भावासमोर त्यांनी तो मुद्दा ताणला नाही.

वडिलांच्या पश्चात मी मूर्ती उलटी केली. बैठकीच्या आतल्या बाजूचा स्क्रू फुलीच्या खाचेचा होता, आणि असे स्क्रू 1930 च्या दशकापूर्वी प्रचारात नव्हते. केवळ त्यावरून मी काही ठरवले नसते, कारण नंतरच्या दुरुस्तीत स्क्रू बदलला जाऊ शकतो. पण मेनच्या ओतशाळेत ओतकाम झाल्यावर आयाळीचे केस, लगाम आणि नाकपुड्या छिन्नीने एकेक करून उठवत असत. आमच्या घोड्यांची आयाळ मात्र वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीवरील अक्षरांसारखी बोथट आहे. त्यानंतर बैठकीची लांबी मोजून संग्रहालयांच्या नोंदींतील त्याच आकाराच्या प्रतींशी ताडून पाहिली. तापलेले ब्रॉंझ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसते. म्हणून तयार ब्रॉंझवरून घेतलेली नक्कल तेवढीच आखूड भरते, आणि आमची बैठक तशीच आखूड भरली. मात्र मेनने एकच शिल्प अनेकदा निरनिराळ्या आकारांत काढले असल्यामुळे आपला आकार कोणता हे ठरवल्याशिवाय हे माप लावू नये.

यावर चुलतभावाने काय केले, तर सराफाकडच्या धातू तपासण्याच्या यंत्रावर घोडे ठेवून तांबे, जस्त आणि कथील यांचे प्रमाण छापलेला कागद आणला आणि 'प्रयोगशाळेने सिद्ध केले' म्हणून तो नातेवाइकांत फिरवला. धातू कोणता हे यंत्र सांगते. कोणाच्या हाताने ओतला हे ते सांगत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे 1974 मध्ये सापडलेल्या हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ या ब्रॉंझ मूर्तींचेही रासायनिक पृथक्करण झाले होते. त्यांत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघाले, आणि त्याच आकड्याच्या आधारे डी. पी. अग्रवाल यांनी त्यांच्या प्राचीनत्वाविषयी शंका घेतली, तर एम. एन. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी हे त्या उत्तर-हडप्पा काळातील आहेत या मतावर राहिले. जेथे एवढे अभ्यासक एका आकड्यावर एकमत होत नाहीत, तेथे सराफाच्या कागदाने आमराईचा हिशेब मिटावा ही अपेक्षाच हास्यास्पद आहे.

तुमच्यापुरते सांगायचे तर प्रथम तळाच्या आत, न दिसणाऱ्या जागी, सुईने बारीक ओरखडा काढा. आत पिवळसर-तांबूस चमक दिसली तर पुढचा विचार करा. राखाडी-पांढरट दिसली तर ते जस्ताचे ओतकाम आहे आणि वरचा ब्रॉंझचा रंग नुसता मुलामा आहे. चुंबकाने ब्रॉंझ आणि जस्त यांतला फरक कळत नाही. दिवाळीच्या सफाईत चिंच किंवा पितांबरी लावू देऊ नका, कारण वरचा काळसर तपकिरी थर ओतशाळेतच मुद्दाम चढवलेला असतो, तो गेला की मूळचा परत येत नाही आणि किंमतही बरीच उतरते.

विक्रीबाबत एक अडचण आहे, जी मी खरे तर आधी सांगायला हवी होती. शंभर वर्षांहून जुने शिल्प, मग ते फ्रान्समध्ये घडलेले का असेना, 1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमाखाली पुरावशेष ठरते. धातूच्या अशा शिल्पाची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशातील लिलावांचे आकडे पाहून हुरळून जाऊ नका. आणि घरात भावंडे असतील, तर वाटणीच्या कागदात या घोड्यापुढे रक्कम लिहिण्याआधी तळाची छायाचित्रे, मापे आणि वजन त्याच कागदाला जोडा. आमच्या कागदावर 'फ्रेंच ब्रॉंझ, सहीसह' एवढेच लिहिले आहे, आणि चुलतभाऊ आजही त्याच ओळीवर बोट ठेवतो.