माईक घ्यायच्या आधी कपड्यांचं कपाट उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिकअप असलेली अकूस्टिक गिटार बोटांनी वाजवत हळू आवाजात स्वतःची गाणी गाता, मोबाईलवर रेकॉर्ड करून वैताग आलाय कारण सगळं "डब्यातून आल्यासारखं" वाटतं, बजेट बेताचं, लॅपटॉप जुना, एक मित्र म्हणतो यूएसबी माईक घे आणि दुसरा म्हणतो कंडेन्सरशिवाय (बारीकसारीक आवाजही टिपणारा माईक) गत्यंतर नाही, आणि शेवटी गाणं आणि गिटार एकदम रेकॉर्ड करायचं की वेगवेगळं. सगळ्यावरच लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

तो जो डबा तुम्हाला ऐकू येतोय ना, तो मोबाईल नाहीये, तुमची खोली आहे. मोबाईल समोरच्या टेबलावर दीड मीटरवर ठेवलेला, त्यामुळे त्याच्यापर्यंत तुमचा थेट आवाज कमी पोचतो आणि भिंतींवरून, छतावरून, फरशीवरून आपटून आलेला जास्त. अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र आहे तेवढाच राहतो, म्हणजे नुसतं जवळ गेल्यानेच अर्धी लढाई जिंकता येते. एक प्रयोग करून बघा, फुकट आहे. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट सताड उघडा, त्याच्याकडे पाठ करून बसा, मोबाईल तोंडासमोर दोन वितींवर ठेवा, खाली जाड सतरंजी टाका आणि तेच कडवं परत म्हणा. आधीचं आणि हे लागोपाठ ऐका. कपाटाकडे तोंड नाही, पाठ, हे मुद्दाम सांगतोय कारण सगळे उलटं करतात. माईक तुमच्याकडे बघत असतो, म्हणजे त्याला तुमच्या मागचं दिसतं, तर मऊ काहीतरी तुमच्या मागे हवं.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. काही होत नाही त्यांनी. एक इंच जाडीच्या फोमचंही तसंच, तो फक्त वरचा चरचरीत आवाज खातो आणि खालचा गुंजणारा तसाच ठेवतो, कारण १०० हर्ट्झच्या आवाजाची लहर जवळपास ३.४ मीटर लांब असते, तिला इंचभर स्पंज काय अडवणार. जाड रजई, गादी उभी करून, पुस्तकांची खच्चून भरलेली फळी, हे सगळं त्याहून बरं.

मी स्वतः हे सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी हौसेने कंडेन्सर आणला, उघड्या भिंतींच्या खोलीत लावला, आणि पहिलं रेकॉर्डिंग मोबाईलपेक्षा वाईट आलं! पंखा, शेजारच्या खोलीतला फ्रिज, खाली कुणीतरी गाडी लावतंय, सगळं काचेसारखं स्वच्छ. मग इंटरफेसला, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीला, शिव्या घातल्या. त्यात भर म्हणून प्रत्येक टेकमध्ये (एका दमात केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये) एक बारीक "टिक" यायची, ठेक्यावर नाही, मधेच कुठेतरी. केबल बदलली, यूएसबी पोर्ट बदलला, ड्रायव्हर काढून परत टाकला, दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी हेडफोन लावून नुसता बसलो असताना श्वास घेतला आणि टिक आली. शर्टाचं बटण होतं, गिटारच्या पाठीला घासत होतं. तेव्हापासून रेकॉर्डिंगला मी बिनबटणाचा जुना टीशर्ट घालतो आणि मनगटी घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवतो.

आता यूएसबी माईकचं. तो वाईट नसतो, एकट्याने बोलायला, पॉडकास्टला झकास. पण तुम्ही गाता आणि वाजवता, आज ना उद्या दुसरा माईक लागणार, आणि एका कॉम्प्युटरवर दोन यूएसबी माईक एकदम चालवणं ही डोकेदुखी आहे, दोघांची घड्याळं वेगळी चालतात आणि लांब टेकमध्ये ट्रॅक एकमेकांपासून सरकायला लागतात. म्हणून माझं मत, साधा का होईना पण इंटरफेस घ्या, आणि घेताना *दोन* माईक प्रीअॅम्प (माईकचा अशक्त सिग्नल वाढवणारा भाग) असलेला घ्या. इथे बरेच जण फसतात. फोकसराइट स्कार्लेट सोलोला इनपुट दोन दिसतात पण माईकचा एकच, दुसरा गिटार किंवा लाइनसाठी. बेहरिंगरच्या यूएमसी२२ चंही तेच. त्यांचेच मोठे भाऊ, स्कार्लेट २आय२ आणि यूएमसी२०२एचडी, यांना दोन्हीकडे माईक लागतो. मोटू एम२ पण चांगला, जरा वरच्या पायरीवरचा. फरकाचे पैसे आत्ता जड वाटतील, पण एकवाला घेऊन वर्षात विकून दोनवाला घेणं जास्त महाग पडतं (पडलं). इंटरफेस सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, फक्त सगळे नॉब फिरवून खरखर येते का बघा, ४८ व्होल्टचं बटण (कंडेन्सरला लागणारी वीज देणारं) चालतंय का ते खरा कंडेन्सर लावून बघा, आणि तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमला ड्रायव्हर अजून मिळतोय का ते आधी कंपनीच्या साइटवर तपासा.

१९२ किलोहर्ट्झ वगैरे आकड्यांच्या नादी लागू नका. २४ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, विषय संपला. २४ बिटचा फायदा एवढाच की आवाज ठासून भरावा लागत नाही, सगळ्यात जोरकस जागा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) ठेवा आणि विसरून जा. लाल दिवा लागला की तो टेक गेला, तो नंतर दुरुस्त होत नाही.

माईक. कंडेन्सर की डायनॅमिक (दणकट, पण कमी संवेदनशील माईक), यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण उत्तर तुमच्या खोलीवर आणि तुमच्या बोटांवर आहे. शूअर एसएम५७ हा १९६५ पासूनचा डायनॅमिक, खिळे ठोकले तरी चालेल असा. पण तो ऐकायला जरा जड कानाचा. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० या स्वस्त कंडेन्सरशी तुलना केली तर त्याच आवाजाला ५७ साधारण १९ डेसिबल कमी सिग्नल देतो. जोरात स्ट्रमिंग असेल, आवाज खणखणीत असेल तर काही बिघडत नाही. पण तुम्ही लिहिलंय की बोटांनी वाजवता आणि हळू गाता, मग ५७ ला गेन पार टोकाला न्यावा लागेल आणि साध्या इंटरफेसचं प्रीअॅम्प तिथे सूं सूं करायला लागतं. म्हणून तुमच्यासाठी कंडेन्सर. एटी२०२० ने सुरुवात करा, पुरेसा आहे. थोडं थांबून पैसे साठवता आले तर रोडचा एनटी१, त्याची स्वतःची सूं सूं फक्त ४ डेसिबल, एटी२०२० ची २०, आणि हळू वाजवणाऱ्याला हा फरक खरंच ऐकू येतो. खोली मात्र आधी गप्प करा, नाहीतर एनटी१ तुम्हाला तुमचा फ्रिज उत्तम दर्जात ऐकवेल.

तुमच्या गिटारला पिकअप आहे, तीच केबल थेट लावली तर? लावून बघा, इनपुटला "इन्स्ट्रुमेंट" बटण दाबून. डेमोला, सुचलेली चाल टिपून ठेवायला बेस्ट. पण पिएझोचा, म्हणजे अशा पिकअपचा, आवाज रबर ताणल्यासारखा येतो, लाकूड त्यात ऐकूच येत नाही. शेवटच्या रेकॉर्डिंगला मी तरी वापरत नाही.

माईक कुठे धरायचा यावर जितका वेळ घालवाल तितका कमी. साऊंडहोलसमोर ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, आवाज तिथून येतो असं वाटतं म्हणून. तिथून हवेचा गुंजारव येतो, बहुतेक गिटारींचा १०० हर्ट्झच्या जवळपास, आणि रेकॉर्डिंग ढोलासारखं घुमतं. बाराव्या फ्रेटसमोर, वीत-सव्वा वीत अंतरावर ठेवा आणि माईकचं तोंड किंचित जिथे मान आणि पेटी जुळते तिकडे वळवा. मग हेडफोन लावून एकच कॉर्ड वाजवत राहा आणि माईक नाही, स्वतःच दोन बोटं डावीकडे, दोन बोटं उजवीकडे सरका. गोम तिथे आहे. कर्कश वाटला तर पेटीकडे, घुमला तर मानेकडे. सापडली जागा की जमिनीवर चिकटपट्टी लावून खुर्चीचे पाय मार्क करून ठेवा, उद्या तोच आवाज परत हवा असेल तर दुसरा उपाय नाही.

गाताना पॉप फिल्टर लावा, माईकपासून चार बोटांवर, आणि तोंड फिल्टरपासून तेवढंच लांब. तरी आपले फ आणि भ फुटतातच, तेव्हा माईक तोंडाच्या थेट समोर न ठेवता नाकाच्या उंचीवर ठेवून ओठांकडे झुकवा, हवेचा झोत खालून निघून जातो. फार चिकटून गायलात तर आवाज जाडा आणि भारदस्त होतो, रेडिओवाल्यासारखा, ऐकायला मजा येते पण गिटारबरोबर बसवताना गिचका होतो.

हेडफोन बंद पाठीचे हवेत, उघडे घेतले तर त्यातला क्लिकचा (ठेका देणाऱ्या टकटकीचा) टकटकाट माईकमध्ये शिरतो. सोनी एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचे एम४०एक्स, दोन्ही वर्षानुवर्षं चालतात. स्पीकर आत्ता नकोच, कोऱ्या खोलीत ते खोटं बोलतात. स्टँड मात्र वजनदार घ्या, हलका स्टँड कंडेन्सरच्या वजनाने हळूहळू मान टाकतो आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत माईक तुमच्या गुडघ्याकडे बघत असतो.

जुन्या लॅपटॉपची काळजी सोडा, दोन-चार ट्रॅकला तो दमत नाही. त्याच्या पंख्याची काळजी करा: त्याला माईकच्या पाठीमागे ठेवा, कार्डिऑइड माईक (मुख्यतः समोरून ऐकणारा) मागून सगळ्यात कमी ऐकतो. सॉफ्टवेअरला रीपर घ्या, ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतोय असं वाटलं तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करा आणि सॉफ्टवेअरमधला म्यूट करा, बास. नाहीतर सॉफ्टवेअरमधला बफर (कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून पुढे देतो ते) १२८ वर आणा, मिक्सिंग करताना परत १०२४.

राहिलं एकदम की वेगवेगळं. पुस्तकी उत्तर वेगवेगळं, आधी क्लिकवर गिटार, मग गाणं, कारण चूक झाली तर तेवढंच परत करता येतं. पण स्वतः वाजवत गाणाऱ्यांचं एक असतं, गाणं काढून घेतलं की गिटार लंगडते, कुठे थांबायचं ते हाताला आवाजच सांगत असतो. मी तीनदा वेगवेगळं करून तिन्ही वेळा फेकून दिलं. तुमचंही तसं होत असेल तर सध्या एकच माईक छातीच्या उंचीवर, हात-दीड हात लांब ठेवा, आणि तोल मिक्सरने नाही, उंचीने साधा: गाणं दबलं तर माईक चार बोटं वर, गिटार दबली तर खाली. खोली गप्प असेल तर हे छान येतं, पण गाण्यावर वेगळा इफेक्ट किंवा गिटार नंतर कमी-जास्त करणं विसरा. पुढे दुसरा माईक आला की एकाची पाठ दुसऱ्याच्या आवाजाकडे करायची, म्हणजे गाण्याचा माईक थोडा वर बघणारा, गिटारचा खाली, आणि दोन्ही एकत्र ऐकताना आवाज पोकळ वाटला तर एका ट्रॅकचं पोलॅरिटीचं (आवाजाची लहर उलटी करणारं) बटण दाबून बघायचं. ज्या बाजूला भरीव वाटेल तिकडे राहू द्या.

कपाटाचा प्रयोग आधी करा आणि दोन्ही क्लिप टाका इथे, खोली किती बोलते ते ऐकून माईकचं नक्की करू.