वाचकांचे प्रश्न : ई-सिगारेटमधली वाफ कशावर ठरते?

मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतो. सिगारेट सुटावी म्हणून छोटं पॉड, म्हणजे लिक्विड भरायची लहान ई-सिगारेट घेतली, कॉइल (लिक्विड तापवणारी तार) १ ओहमची. ५०-५० चं लिक्विड वापरत होतो. दुकानदाराने सांगितलं, ७०-३० घ्या, वाफ दाट येईल. सुरुवातीला आलीही. मग वाफ घटली आणि प्रत्येक झुरक्याला जळका वास येऊ लागला. लिक्विड खराब आहे का? – एक वाचक, लेस्टर

लिक्विड चांगलं असेल, पण तुमच्या कॉइलला ते झेपत नाही.

ई-लिक्विडमध्ये मुख्यतः दोनच द्रव असतात : प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीजी, आणि वनस्पतिज ग्लिसरीन, म्हणजे व्हीजी. ७०-३० मध्ये ७० टक्के व्हीजी. पीजी १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, व्हीजी २९० अंशांना. तापलेल्या कॉइलवर दोन्हींचं बाष्प होतं, आत ओढलेल्या हवेने ते गार होतं आणि त्याचे सूक्ष्म थेंब बनतात. आपल्याला पांढरं दिसतं ते हे थेंब. पीजीचे थेंब हवेत लवकर विरतात, व्हीजीचे बराच वेळ टिकतात. दुकानदाराचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे.

अडचण पुरवठ्याची आहे. खोलीच्या तापमानाला व्हीजी हे पीजीपेक्षा सुमारे वीसपट घट्ट असतं. छोट्या पॉडच्या कॉइलला लागून लिक्विड शोषणारा कापूस असतो, त्या कापसापर्यंत लिक्विड नेणारी छिद्रं बारीक असतात. एका झुरक्यात कापूस जेवढा सुकतो, तेवढं घट्ट लिक्विड पुढच्या झुरक्याआधी आत पोचत नाही. मग वाफ व्हायला द्रवच उरत नाही, उष्णता कापसाला लागते आणि कापूस जळतो. याच अवस्थेत लिक्विडचं विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन ही घातक रसायनं तयार होतात. म्हणून जळका वास आला की तिथेच थांबा. आणखी दोन झुरके घेऊन बघू, असं अजिबात करू नका.

जळलेला कापूस सुधारत नाही, कॉइल बदलावीच लागते. नवी कॉइल बसवल्यावर पॉड भरून दहा मिनिटं उभं ठेवा, कापूस पूर्ण भिजू द्या. ५०-५० वर परत या. दोन झुरक्यांत १५-२० सेकंद जाऊ द्या. वॉट बदलता येत असतील तर कॉइलवर छापलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकापासून सुरुवात करा. वॉट वाढवले की वाफ वाढते हे खरं, पण लिक्विड पोचण्याचा वेग संपला की वाढतो तो फक्त जळका वास. हवेचं छिद्र थोडं मोठं केलंत तर कॉइलवरून जास्त बाष्प वाहून जातं आणि ढग वाढतो, मात्र घशाला जाणवणारा जोर कमी होतो. गोड चवीच्या लिक्विडमधलं सुक्रालोज कॉइलवर काळा थर धरतं, त्यानेही वाफ घटते.

७०-३० च हवं असेल तर ०.३ ते ०.५ ओहमची जाळीदार कॉइल आणि तेवढे वॉट देणारं यंत्र लागेल. तेव्हा निकोटीन उतरवायलाच हवं. इंग्लंडमध्ये कायद्याने मिलीलीटरला २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. ते प्रमाण लहान पॉडच्या थोड्या वाफेसाठी चालतं, मोठ्या ढगात एका झुरक्याला किती तरी जास्त निकोटीन जातं. मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणं. अशा यंत्रात साधारण ३ मिलिग्रॅम वापरतात. तुमचा हेतू सिगारेट सोडण्याचा आहे. त्यासाठी दाट ढगाची गरज नाही, ५०-५० पुरेसं आहे.

थंडीत बाहेर वाफ कमी येते. लिक्विड पातळ करण्यासाठी काय मिसळावं? – एक वाचक, टोरांटो

काहीही नाही. गारठ्याने व्हीजी आणखी घट्ट होतं आणि बॅटरीही ढिली पडते. यंत्र आतल्या खिशात ठेवा. बाटली घट्ट बंद करून कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवा. चार्जिंगकडेही लक्ष द्या : व्होल्टेज स्थिर न राखणाऱ्या साध्या यंत्रात बॅटरी ४.२ वरून ३.३ व्होल्टवर आली, तर १ ओहमच्या कॉइलला १७.६ ऐवजी जेमतेम ११ वॉट मिळतात.

पाण्याने लिक्विड तडतडतं आणि ढग विरळ होतो. तेल तर थेंबभरही नको, सुगंधी नको की खाण्याचं नको. अमेरिकेत २०१९ मध्ये ई-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुफ्फुसांच्या आजाराची जी लाट आली, तिचा संबंध मुख्यतः गांजाच्या अर्कात घट्टपणासाठी मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट या तेलकट पदार्थाशी लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यूंची नोंद झाली होती.

सुट्टीत पुण्याला येताना व्हेप बरोबर आणलं तर चालेल का? – एक वाचक, दुबई

नाही. २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात सगळंच बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आमच्या एकांकिकेत धुराचं यंत्र आहे. मेडिकलमधलं ग्लिसरीन पाण्यात घालून चालवू का? – एक वाचक, नाशिक

तत्त्व तेच : ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन आणि पाणी तापवून थेंब करायचे. पण त्या यंत्राचं तापमान त्याच्या ठरलेल्या द्रवासाठी बेतलेलं असतं. ग्लिसरीन जास्त झालं तर पंप ओढत नाही, द्रव तापपट्टीवर करपतो आणि डोळे चुरचुरवणारं अ‍ॅक्रोलीन रंगमंचावर पसरतं. नळाच्या पाण्यातले क्षार नळी बुजवतात. उत्पादकाने सांगितलेलाच द्रव वापरा. यंत्र नटांपासून दूर, विंगेत ठेवा. तोंडासमोरची जमीन थेंबांनी निसरडी होते, ती प्रवेशांच्या मध्ये पुसून घ्या. नाट्यगृहात धुराचे अलार्म आहेत का, हे तालमीच्या आधीच व्यवस्थापकांना विचारा.