अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कोच बदलला की चांगले खेळाडू लगेच दुसऱ्या विद्यापीठात का जातात?

कारण अनेकांनी विद्यापीठापेक्षा कोच निवडलेला असतो, आणि आता नियम त्यांना अडवत नाहीत. पूर्वी विद्यापीठ बदललं की साधारण एक वर्ष मैदानाबाहेर बसावं लागायचं. 2018 मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) आलं, 2021 मध्ये एकदा असं बाहेर न बसता बदलाची मुभा मिळाली आणि 2024 पासून अभ्यासाची पात्रता टिकवली तर कितीही वेळा जाता येतं. त्यात 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येतं, म्हणजे नवं घर शोधताना पैशाची बोलणीही होतात.

ठळक उदाहरण अलाबामा विद्यापीठाचं. जानेवारी 2024 मध्ये तिथले मुख्य कोच निक सेबन निवृत्त झाले. मुख्य कोच गेला की पोर्टलमध्ये नाव घालायला तेव्हा 30 दिवसांची खास मुदत मिळायची. तेवढ्यात बचावफळीतला केलेब डाउन्स ओहायो स्टेटला आणि रिसीव्हर (पास झेलणारा) आयझाया बाँड टेक्सासला गेला. उलट कधी खेळाडू कोचच्या मागोमाग जातो: कोच लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून यूएससीला (कॅलिफोर्नियातलं विद्यापीठ) गेले, मागून क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा) केलेब विल्यम्स गेला आणि 2022 ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) घेऊन बसला. ओक्लाहोमावाल्यांना ते अजून झोंबत असणार!

मात्र गेलेला प्रत्येक जण कायमचा जातोच असं नाही. अलाबामाचाच केडिन प्रॉक्टर आयोवाला गेला आणि दोनेक महिन्यांत परत आला.