वाचक विचारतात : जाड पुस्तकं आणि आपली शाळा

प्रश्न : सर, मी गोव्यातल्या केपे तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात बरीच मुलं कुणबी आणि वेळीप समाजातली. परवा पहिलीतल्या एका मुलाने चित्राखाली घरच्या कोंकणीत 'कोयतो' लिहिलं, मी सवयीने लाल रेघ मारून 'कोयता' केलं आणि मग त्या दिवशी त्याने पेन्सिल हातात धरलीच नाही. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. डीएडला जे वाचलं त्यात ही मुलं कुठे नव्हतीच. शिक्षण, जात, भाषा यावर अभ्यासकांचं काही वाचायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी शाळेत असताना 'मी' ऐवजी कोंकणीतलं 'हांव' म्हटलं म्हणून मास्तरांनी मला बाकावर उभं केलं होतं, साठ वर्षं झाली, अजून विसरलो नाही. म्हणून आधी एक सांगतो, त्या मुलाला जवळ बोलवा आणि त्याच्या 'कोयतो'वर बरोबरची खूण करा, शेजारी 'कोयता'पण लिहा, दोन्ही बरोबर म्हणून सांगा. पुस्तकं त्यानंतर.

पहिलं वाचा ते जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला, दिलेलं निवेदन. मूळ इंग्रजीत आहे पण लहान आहे, एका बैठकीत होतं. सरकारचा पैसा येतो रयतेच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी सरळ तोंडावर सांगितलंय. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मोडी-बाळबोध लिपी, हिशेब आणि शेतीचं ज्ञान शिकवा, आणि मास्तर शेतकरी समाजातले नेमा, ज्यांना गरज पडली तर नांगराचं रुमणं, म्हणजे मूठ, धरता येईल, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे गोव्यात वेळीप, कुणबी, गावडा या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ मध्ये, म्हणजे त्या निवेदनानंतर एकशेएकवीस वर्षांनी. तुमच्या शाळेतले किती शिक्षक त्या समाजातले आहेत ते एकदा मोजून बघा.

मग पाउलो फ्रेरी. ब्राझीलचा माणूस, लिहायचा पोर्तुगीजमध्ये, म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीतल्या काहींना तो मूळातून कळला असता. त्याचं 'पेडागॉजी ऑफ द ऑप्रेस्ड' इंग्रजीत १९७० ला आलं. शिक्षक म्हणजे पैसे भरणारा आणि मूल म्हणजे रिकामं बँक खातं, ही शिकवण्याची रीत त्याने मोडून काढली. पण मला त्याच्या सिद्धांतापेक्षा त्याचं काम जास्त आवडतं. १९६३ मध्ये त्याने ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका छोट्या गावात सुमारे ३०० कष्टकऱ्यांना ४० तासांच्या वर्गात लिहा-वाचायला शिकवलं आणि सुरुवात केली त्यांच्याच रोजच्या शब्दांनी. त्याच्या पद्धतीतला गाजलेला शब्द म्हणजे 'तिझोलू', अर्थ वीट. वीट रोज हातात, म्हणून ती का लागते, घर कुणाचं, बांधतो कोण यावर आधी गप्पा, मग शब्द तोडायचा, ति-झो-लू, आणि त्यातून ता-ते-ति-तो-तू असं पुढे. आता तुमचा 'कोयतो' बघा. को, य, तो. त्यातून का-की-कू, ता-ती-तू निघतात, आणि कोयतो घरात कोण चालवतो, कशासाठी, झाडावर कोण चढतं यावर मुलं तासभर बोलतील. हे मला पुस्तकात वाचून समजलं, वर्गात उभं राहून कळायला हवं होतं.

प्रश्न : सर, मी पेडण्याचा, एमए करतोय. अशा पुस्तकांची किंमत बघून पोटात गोळा येतो आणि पाच पानं वाचली की झोप येते. काय करू?

उत्तर : अरे, विकत घेऊच नकोस. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ मधली संस्था, तिथे गोव्याचा विभाग वेगळा आहे, जाऊन बस. आणि पहिल्या पानापासून वाचायचा हट्ट सोड. प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण आधी, मग मागच्या सूचीत तुझ्या कामाचे शब्द शोध आणि तेवढीच पानं वाच, एकेका परिच्छेदाचं दोन ओळीत मराठीत स्वतःच्या शब्दात लिही, जमलं नाही तर कळलं नाही असं समजायचं. पराग परोब यांचं 'इंडियाज फर्स्ट डेमोक्रॅटिक रेव्होल्यूशन' (२०१५) घे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आणि इथला बहुजन समाज यावर आहे. पोर्तुगीज काळात मराठी शाळा लोकांनी देवळात, कुणाच्या ओसरीवर चालवल्या, पुढे १९६३ नंतर गावागावात सरकारी शाळा उघडल्या, तुझ्या आजीला विचार, ती शाळेत गेली होती का. त्याच्या जोडीला शैलजा पाईक यांचं २०१४ चं दलित स्त्रियांच्या शिक्षणावरचं पुस्तक वाच. पुण्यातल्या बायकांशी बोलून लिहिलंय, शाळेत जात आणि बाईपण दोन्ही एकदम कसं अडवतं ते त्यात आहे.

प्रश्न : मी फोंड्याची. घरी कोंकणी, लिहिते मराठी. मुलीने विचारलं, आपली भाषा कुठली? मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : ताई, याचं एका शब्दात उत्तर मागणं हेच मुळात चुकीचं आहे असं माझं ठाम मत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केलं आणि मराठीच्या वापराचीही सोय ठेवली, रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी मात्र बाहेर राहिली. यात कुणाची भाषा मोजली जाते आणि कुणाची नाही, हे जेसन कीथ फर्नांडिस यांनी २०२० च्या पुस्तकात मांडलंय. त्यांचं सगळंच मला पटत नाही, मराठीवाल्यांनी तरी ते वाचावंच.

मुलीसोबत वाचायला मात्र राजाराम पैंगिणकरांचं आत्मचरित्र घ्या. कलावंत समाजात जन्मलेला माणूस, देवळाच्या सेवेच्या नावाखाली मुलींना बांधून घेणाऱ्या प्रथेविरुद्ध उभा राहिला, आणि हे सगळं मराठीत लिहिलं. पुस्तकाचं नाव 'मी कोण?'. तिचा प्रश्न तिथून पुढे न्या.