सोन्याचे कार्तिए घड्याळ पुढे मोडीत काढता येते का?

आपण विचारले आहे की, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पत्नीसाठी कार्तिएचे सोन्याचे पाँथेर घड्याळ घ्यावे काय, आणि पुढे अडचणीच्या वेळी ते दागिन्यासारखे मोडता येईल काय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि जळगावच्या सराफ बाजारात अर्धे आयुष्य काट्याशेजारी काढल्यामुळे ते मी खात्रीने देत आहे.

मागे एक गृहस्थ अशाच एका नामांकित पेढीचे सोन्याचे घड्याळ मोडीसाठी घेऊन आले होते. काट्यावर ते चांगले भारी भरले. परंतु त्या वजनात यंत्र, काच, तबकडी आणि पोलादी स्क्रू असे सगळेच आले होते. शिवाय ही घड्याळे 18 कॅरेटची, म्हणजे हजार भागांत 750 भाग सोने, आणि आपल्याकडे भाव विचारला जातो तो 916 टंचाचा, म्हणजे 22 कॅरेटचा. मी आकडा सांगताच त्यांनी घड्याळ मुकाट्याने डबीत ठेवले. मलाही हायसे वाटले, कारण ती वस्तू आटवणे माझ्या हातून झाले नसते.

या घड्याळाचे पैसे मोजायचे ते घडणीसाठी. कार्तिए ही 1847 साली पॅरिसमध्ये सुरू झालेली जवाहिऱ्यांची पेढी. तिचे घड्याळ मुळात दागिना म्हणूनच आखलेले असते. तिचे चौकोनी टँक 1917 साली आखले गेले आणि 1919 पासून विकले जाऊ लागले. पाँथेर 1983 साली आले, मध्यंतरी बंद पडले आणि 2017 साली पुन्हा आले. त्याचा पट्टा विटांच्या बांधकामासारख्या बारीक कड्यांचा असतो, आणि तो हातात घेतला की साखळीसारखा ओघळतो. कारागिरी पाहायची असेल तर डोळ्याला भिंग लावावे: पेढीच्या अनेक तबकड्यांवर रोमन सातच्या एका रेघेत पेढीचे नाव इतके बारीक लिहिलेले असते की नुसत्या डोळ्याला ती साधी रेघच वाटते. (रोममधील बुल्गारी या पेढीचे मनगटाला वेढे घालणारे सेर्पेंटी घड्याळही एकदा पाहावे, मला तर ते पाहून आजीच्या दंडातील वाकी आठवली.)

पाँथेर सेलवर चालते, याचा कमीपणा मानू नये. ज्या बाई घड्याळ लग्नकार्यापुरतेच घालतात, त्यांना रोज किल्ली द्यावी लागणारे यंत्र गैरसोयीचेच. मात्र लॉकरमध्ये वर्षानुवर्षे ठेवायचे असेल, तर सेल काढून ठेवावा. संपलेला सेल झिरपला की यंत्र खराब होते. सेल बदलण्याचे काम कोपऱ्यावरच्या दुकानात न देता अधिकृत केंद्रातच करावे आणि त्यासाठी मुंबईची एक फेरी गृहीत धरावी. चामड्याच्या पट्ट्याचे घड्याळ मी सुचवणार नाही, कारण आपल्याकडच्या मे महिन्यातील घामाने तो पट्टा एका उन्हाळ्यातच काळवंडतो.

ग्राहकाला सहसा कोणी न सांगणारी गोष्ट म्हणजे, घड्याळ आणि पाटल्या एकाच हातात घालू नयेत. 18 कॅरेटचे सोने 22 कॅरेटहून कठीण असते आणि तबकडीवरची नीलमणी काच (कृत्रिम नीलमण्याची) त्याहून कितीतरी कठीण. दोन्ही एकमेकांवर घासत राहिली की झिजते ती पाटलीच.

आपली ऐपत असेल आणि वहिनींना ते मनापासून आवडत असेल, तर जरूर घ्यावे. अडीअडचणीची सोय म्हणून मोडता येईल असे सोन्याचे साधे वळे मात्र वेगळे ठेवावे. खरेदी करताना घड्याळाच्या पाठीवरचा क्रमांक वॉरंटीच्या कागदावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. मनगटाच्या मापासाठी पट्ट्यातील कड्या काढल्या, तर त्या मोजून डबीत मागून घ्याव्यात. त्याही सोन्याच्याच असतात.