घाम म्हणजे चरबी नव्हे, बापू

बॉक्सिंगच्या वजनगटात बसायला प्लास्टिकचं जॅकेट चढवून भर दुपारी शेताच्या धुऱ्यावरून पळतोस म्हणे. बापू, मे महिन्यात आपल्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात आणखी अंग कोंडून काय मिळणार? लिटरभर घाम गेला की काटा किलोभर कमी दाखवतो, पण ते पाणी. दोन-तीन गिलास ताक प्यायलं की निम्मं परत. १९९७ मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर असंच वजन उतरवताना जिवानिशी गेले.

मीही हा उपद्व्याप केलाय. वजनात बसलो, पण दुसऱ्या राउंडला हात वर होईनात, पोटऱ्यांत गोळे आले. तोंड इतकं कोरडं, की माउथगार्ड जिभेला चिकटलं होतं. हरलो, हे सांगायला नकोच.

पळायचं ते पहाटे. सरावाआधी आणि नंतर वजन कर. जेवढं घटलं त्याहून थोडं जास्त पाणी हळूहळू पी, ताकात मीठ टाक. लघवी गर्द पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. उन्हात शहारे आले, डोकं गरगरलं, तर तिथंच थांब. सावलीत जा, अंगावर पाणी ओत, कोणाला तरी हाक मार. वजन खरंच जास्त असेल तर दीड-दोन महिने आधीपासून भात-तेल कमी कर. नाही तर सरळ वरच्या गटात खेळ, तुझं वाढतं वय आहे.