परदेशात राहून पॅलेस्टाईनच्या बाजूने बोलताना सशस्त्र लढ्याबद्दल काय भूमिका घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी इंग्लंडला निघालाय, गाझाबद्दल गप्प बसवत नाही, पण तोंड उघडलं की समोरचा "म्हणजे तुझा हमासला पाठिंबा का?" असं विचारतो. तेव्हा काय म्हणायचं, आणि बोलल्याने व्हिसाला धोका आहे का?

मी बरीच वर्षं इंग्लंडच्या उत्तर भागात राहतोय, लंडनच्या मोर्चांनाही जातो. वकील नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

बोलाच. मात्र लढण्याचा हक्क आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्राएलमध्ये घडवलेलं हत्याकांड, या दोन गोष्टी एका "हो" किंवा "नाही"त कोंबायला कुणी सांगितलं तर कोंबू नका. आणि इथे हीटर लावून बंदुकीचे पोवाडे गाऊ नका, तसंच इथूनच गाझातल्या माणसांना अहिंसेचे धडेही देऊ नका. दोन्ही गोष्टींची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही.

हा लढा हमासपासून सुरू झाला असा पुष्कळांचा समज असतो. हमास स्थापन झाली १९८७ मध्ये. ज्याचं नाव तिच्या लष्करी शाखेला दिलंय तो इझ्झुद्दीन अल-कस्साम हैफाच्या मशिदीत प्रवचन करणारा, मूळचा सीरियाचा माणूस. ब्रिटिश पोलिसांशी झालेल्या चकमकीत तो नोव्हेंबर १९३५ मध्ये मारला गेला. म्हणजे इस्राएल अस्तित्वात यायच्या तेरा वर्षं आधी, आणि ब्रिटिशांच्या हातून. पुढच्या वर्षी अरबांनी सहा महिने हरताळ पाळला, त्यातून १९३९ पर्यंत चाललेलं बंड उभं राहिलं. ते मोडायला लंडनने कुणाला पाठवलं? कलकत्त्याचे माजी पोलिस कमिशनर सर चार्ल्स टेगार्ट यांना, ज्यांना मारायचे बंगाली क्रांतिकारकांचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले होते तेच. आपल्याकडे शिकलेली विद्या साहेबाने तिकडे वापरली. सीमेवरचं काटेरी कुंपण आणि काँक्रीटची पोलिस ठाणी ही टेगार्टांचीच शिफारस. संशयिताचं घर पाडायचा अधिकारही ब्रिटिशांच्या आणीबाणी नियमांतला आहे, आणि इस्राएली लष्कर १९४५ च्या त्या नियमांच्या आधारे आजही घरं पाडतं. इंग्लंडमध्ये कुणी तुम्हाला "तुमचा काय संबंध?" असं विचारलं, तर त्याचा स्वतःचा संबंध किती जुना आहे हे सांगायला एवढं पुरे.

पुढचं भराभर सांगतो. १९४८ च्या नकबात सात लाखांच्या आसपास माणसं घरदार सोडून परागंदा झाली. यासर अराफतांच्या फतह संघटनेने १ जानेवारी १९६५ ला पहिली सशस्त्र मोहीम जाहीर केली. त्यानंतर विमानं पळवणं आलं. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकमध्ये अकरा इस्राएली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले. १९७४ मध्ये अराफत संयुक्त राष्ट्रांत बोलले, त्याच वर्षी भारताने पीएलओला, म्हणजे पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला, मान्यता दिली. अरब जगाबाहेरचा असा पहिला देश आपला. १९८८ मध्ये पीएलओने दहशतवादाचा मार्ग सोडल्याचं जाहीर केलं आणि १९९३ मध्ये ऑस्लो करार झाला. पण ताब्यातल्या जमिनीवरच्या इस्राएली वसाहती वाढतच राहिल्या. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या, आणि त्या वसंतापासून इस्राएलच्या शहरांत हमासचे आत्मघाती बॉम्बस्फोट सुरू झाले. २००० नंतरच्या दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे उठावात, बसगाड्या आणि कॅफे उडवले गेले. त्या वर्षांत सुमारे हजार इस्राएली मेले आणि तीन हजारांवर पॅलेस्टिनी.

"मग गांधींच्या मार्गाने का जात नाहीत?" हा प्रश्न आपल्या लोकांचा फार लाडका. अहो, गेलेत की. बेथलेहेमजवळच्या बेत सहूर गावाने १९८९ मध्ये कर भरायचं बंद केलं, अगदी बारडोलीसारखं. लष्कराने गावाला कित्येक आठवडे वेढा घातला आणि घराघरांतून फ्रिज, टीव्ही, दुकानांतला माल उचलून नेला. ३० मार्च २०१८ पासून गाझातली माणसं दर शुक्रवारी कुंपणापाशी जमायला लागली. त्यातले काही दगड आणि पेटते पतंगही टाकत, पण बहुतेकांच्या हातात काही नसायचं. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाच्या मोजणीप्रमाणे त्या वर्षअखेरपर्यंत तिथल्या निदर्शनांत १८९ पॅलेस्टिनी मारले गेले, त्यांत ३५ मुलं. हे कुणी पाहिलं? २००५ मध्ये १७० हून जास्त पॅलेस्टिनी संघटनांनी बहिष्काराची हाक दिली, तर अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांनी त्या बहिष्काराविरुद्धच कायदे केले. अहिंसेची वाट बंद करायची आणि मग हिंसेवर प्रवचन द्यायचं, हे मला अप्रामाणिक वाटतं.

खुद्द गांधी काय म्हणाले होते? वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, बसून त्यांनी लिहिलेला लेख २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये आला. इंग्लंड इंग्रजांचं तसं पॅलेस्टाईन अरबांचं, हे त्यातलं वाक्य सगळे सांगतात. त्याच लेखात पुढे ते म्हणतात की अरबांच्या अतिरेकाचं मी समर्थन करत नाही, त्यांनी अहिंसेचा मार्ग धरला असता तर बरं झालं असतं. पण जगात रूढ असलेल्या न्याय-अन्यायाच्या कसोट्या लावल्या, तर एवढ्या प्रचंड बळापुढे उभ्या राहिलेल्या अरबांच्या प्रतिकाराविरुद्ध काही बोलता येत नाही. अहिंसेवर जन्म घालवलेल्या माणसाने एवढं मान्य केलं होतं. (ज्यूंना जर्मनीत सत्याग्रह करायचा सल्लाही त्याच लेखात आहे, आणि तो सल्ला मला तरी पटत नाही.)

कायदा काय म्हणतो? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८२ च्या ३७/४३ क्रमांकाच्या ठरावात परकीय ताब्यातून सुटण्यासाठी "सशस्त्र लढ्यासह सर्व उपलब्ध मार्गांनी" केलेला झगडा वैध मानला, आणि त्यात पॅलेस्टिनींचा उल्लेख नाव घेऊन केला. जिनिव्हा करारांचा १९७७ चा पहिला पूरक करारही परकीय ताब्याविरुद्धच्या लढ्यांना आंतरराष्ट्रीय युद्ध समजतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ च्या सल्लामतात इस्राएलचा ताबा बेकायदा ठरवला. पण त्याच पूरक करारात नागरिकांना लक्ष्य करायला बंदी आहे, ओलीस धरायला बंदी आहे, आणि ती दोन्ही बाजूंना सारखीच लागू होते. शत्रूने नियम मोडले म्हणून आपले सुटत नाहीत. म्हणून बेएरी किबुत्झमधल्या घरांत घुसून, नोव्हा संगीत महोत्सवात पळणाऱ्या पोरांना गाठून केलेल्या खुनांना "प्रतिकार" हे नाव मी देत नाही. त्या दिवशी सुमारे १२०० माणसं मारली गेली, २५१ ओलीस नेली. बेएरीत मारल्या गेलेल्यांत व्हिव्हियन सिल्व्हर होत्या, ७४ वर्षांच्या. गाझातल्या रुग्णांना इस्राएली रुग्णालयांत पोहोचवणाऱ्यांपैकी एक. मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये २००८ साली काय झालं हे ज्याला आठवतं, त्याला यात "पण" घालायची गरज वाटू नये.

आणि त्यानंतर दोन वर्षांत गाझात ६७ हजारांहून जास्त माणसं मारली गेली, हा तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा ऑक्टोबर २०२५ च्या युद्धबंदीपर्यंतचा आकडा. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ ला नेतान्याहू आणि त्यांचे माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्यावर वॉरंट काढलं, आणि हमासचा लष्करप्रमुख मोहम्मद देइफवरही त्याच दिवशी. "तू हमासचा निषेध करतोस का?" असं विचारणाऱ्याला मी हेच सांगतो: तिन्ही वॉरंटं मला मान्य आहेत, तुला आहेत का? बहुतेकदा संभाषण तिथून पुढे जरा शहाणपणाने चालतं. कधी कधी तिथेच संपतं.

परदेशी जमिनीवरून मायदेशच्या बंदुकीचं समर्थन करणं मराठी माणसाला नवीन नाही. लंडनमध्ये १ जुलै १९०९ ला मदनलाल धिंग्रांनी ब्रिटिश अधिकारी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या, आणि चार दिवसांनी कॅक्स्टन हॉलमध्ये निषेधाचा एकमुखी ठराव होऊ घातला तेव्हा सावरकर विरोध करायला उभे राहिले. धिंग्रांच्या धाडसाची गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्या गोळीबारात मध्ये पडलेले डॉ. कावस लालकाका हे पारशी गृहस्थही गेले, हे तेवढ्या आवर्जून सांगितलं जात नाही. (हेच सावरकर डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राष्ट्राच्या बाजूने पत्रक काढून मोकळे झाले, तेव्हा "आपले क्रांतिकारक असते तर कुठे असते" हा वाद घालण्यात अर्थ नाही.)

आता तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं: इंग्लंडचा कायदा. हमासची लष्करी शाखा इथे २००१ पासून आणि अख्खी संघटना नोव्हेंबर २०२१ पासून बंदी असलेल्यांच्या यादीत आहे. दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम १२ खाली अशा संघटनेला पाठिंबा दर्शवणारं मत, ऐकणाऱ्याला त्यातून उत्तेजन मिळेल याची पर्वा न करता मांडलं, तरी चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कलम १३ त्याहून निसरडं आहे: अशा संघटनेच्या पाठिंब्याचा संशय येईल असं काही अंगावर घालणं किंवा मिरवणंही गुन्हा. १४ ऑक्टोबर २०२३ च्या लंडनच्या मोर्चात तीन बायकांनी पॅराग्लायडरची चित्रं मिरवली. हमासचे लोक आठवड्यापूर्वी पॅराग्लायडरवरून आत आले होते. त्या दोषी ठरल्या; कोठडी टळली, पण गुन्ह्याची नोंद झाली. टी-शर्ट, स्टिकर, फॉरवर्ड केलेला व्हिडिओ, लाइक, सगळं या नजरेने बघा.

पॅलेस्टाईन ॲक्शन या निदर्शक गटाचं प्रकरण आणखी चमत्कारिक. या लोकांनी जून २०२५ मध्ये ब्राइझ नॉर्टनच्या हवाई तळात शिरून दोन विमानांवर लाल रंग फवारला, आणि ५ जुलैपासून संघटना दहशतवादी ठरली. ९ ऑगस्टला पार्लमेंट स्क्वेअरमध्ये ५०० हून जास्त लोकांना पकडलं, त्यात साठी ओलांडलेले आजी-आजोबा भरपूर. हातात पुठ्ठ्यावर दोन वाक्यं. वंशसंहाराला विरोध आहे, हे पहिलं चालतं. त्या संघटनेला पाठिंबा आहे, हे दुसरं गुन्हा. बंदीला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, तेव्हा तुम्ही उतराल त्या आठवड्यात तिची स्थिती काय आहे ते आधी तपासा. डिसेंबर २०२५ मध्ये लंडन आणि मँचेस्टरच्या पोलिसांनी "इंतिफादा जगभर पसरवा" या अर्थाच्या घोषणेवरही अटक करू असं जाहीर केलं. मी ती घोषणा देत नाही, आणि ते पोलिसांच्या भीतीने नव्हे. २ ऑक्टोबर २०२५ ला मँचेस्टरच्या सिनेगॉगवर हल्ला झाला, दोन ज्यू माणसं गेली. तिथल्या कुटुंबांना ती घोषणा कशी ऐकू येत असेल याचा विचार आपणच करायचा. आपल्या कोकणातल्या शनवार तेल्यांची, म्हणजे बेने इस्राएल ज्यूंची, नातवंडं अश्दोद, दिमोनाला राहतात आणि घरात अजून मराठी बोलतात. ज्यू आणि इस्राएल सरकार यांची गल्लत आपल्याकडून तरी होता कामा नये.

मग बोलायचं कशाबद्दल? तुमचं घरभाडं, फी आणि कर ज्या देशात जातात त्या देशाच्या वाट्याबद्दल. इस्राएल वापरतं त्या एफ-३५ लढाऊ विमानाचा सुमारे १५ टक्के भाग ब्रिटनमध्ये बनतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने इस्राएलला शस्त्रं पुरवायच्या सुमारे ३५० परवान्यांपैकी ३० च्या आसपास स्थगित केले, पण एफ-३५ च्या जागतिक साठ्यात जाणारे सुटे भाग वगळले. रामल्लाच्या अल-हक संस्थेने यावर खटला भरला, आणि जून २०२५ मध्ये तो इथल्या उच्च न्यायालयाने फेटाळला. तुमच्या विद्यापीठाने कोणत्या कंपन्यांत पैसे गुंतवलेत हे माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली अर्ज करून विचारता येतं. खासदाराला पत्र लिहा. तुम्ही भारतीय नागरिक, म्हणून राष्ट्रकुलाच्या नियमाने इथे मतदानसुद्धा करू शकता, हे बऱ्याच आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊकच नसतं! आपल्या देशाचंही विचारा: हैदराबादला अदानी आणि इस्राएलच्या एल्बिट कंपनीच्या कारखान्यात हर्मिस ड्रोन बनतात, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतातल्या बंदर कामगारांच्या महासंघाने इस्राएलसाठीची शस्त्रं हाताळणार नाही असं जाहीर केलं होतं.

"आधी आपल्या देशाचं बघा" हे ऐकावं लागेल, घरच्यांकडून तर नक्की. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर निदर्शनांची परवानगी मागणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाला मुंबई उच्च न्यायालयानेही जवळपास हेच सुनावलं. पुढे ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर निदर्शनं झाली.

व्हिसाचं. अमेरिकेपेक्षा इथे बरं आहे. तिथे २०२५ च्या मार्चमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठातल्या बदर खान सूरींना उचललं, न्यायाधीशाने सोडेपर्यंत दोन महिने ते डांबलेले होते. कोलंबियाच्या रंजनी श्रीनिवासन यांचा व्हिसा रद्द झाला आणि त्या कॅनडाला निघून गेल्या. इथे मँचेस्टरमधल्या एका पॅलेस्टिनी विद्यार्थिनीचा व्हिसा ७ ऑक्टोबरनंतरच्या मुलाखतीवरून गृहखात्याने काढून घेतला, आणि वर्षभराने लवादाने तिच्या बाजूने निकाल दिला. जिंकली, पण ते वर्ष तिचं कसं गेलं असेल!

मोर्चाला जाताना कायदेशीर मदतीचा नंबर छापलेलं कार्ड मिळतं, ते खिशात ठेवा, आणि पकडलंच तर वकील येईपर्यंत "नो कॉमेंट". विमानतळावर मात्र हे चालत नाही. दहशतवादविरोधी कायद्याच्या परिशिष्ट ७ खाली तिथे संशयाशिवायही सहा तासांपर्यंत अडवून चौकशी करता येते; उत्तर नाकारणं आणि फोनचा पासवर्ड न देणं हाच गुन्हा धरला जातो. त्यामुळे फोनमधले घरचे, मित्रांचे आणि मोर्चाचे ग्रुप काय स्थितीत आहेत, हे हीथ्रोच्या रांगेत नव्हे, निघायच्या आधी मुंबईतच बघून घ्या.